पट 11 वर आलाय, कामगिरीवर गेलेले शिक्षक परत मिळवायचे कसे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते चौथी. यंदा पट (मुलांची संख्या) 11. निम्म्या घरांची कुलपं गणपतीत आणि मे महिन्यातच उघडतात, त्याला काही इलाज नाही. पण जी मुलं वाडीतच राहतात त्यांतलीही काही रोज व्हॅनने बाजारपेठेतल्या इंग्रजी शाळेत जातात. ती तरी परत यावीत अशी तळमळ आहे.

मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, मुलगी तिसरीत. शाळेला शिक्षक दोन, पण एक गुरुजी कामगिरीवर (तात्पुरत्या नेमणुकीवर) दुसरीकडे. उरलेल्या बाई एकाच खोलीत चारही इयत्ता सांभाळतात. पहिलीवाले पाटीवर गिरवत असताना चौथीला गुणाकार घालून द्यायचे, तेवढ्यात 'ऑनलाइन माहिती आजच भरा' असा निरोप येतो.

बाईंना विचारून आम्ही मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणातले उतारे आणि गणितं मुलांकडून करून घेतली (ती मोफत मिळतात, जरूर वापरा). तिसरी-चौथीची बहुतेक मुलं गोष्ट घडाघडा वाचतात. भागाकार मात्र एकीलाच जमला, बाकीची हातच्याच्या वजाबाकीतच अडली. बाईंनी वाचन पक्कं केलंय, गणिताला वेळच पुरत नाही. पालक ते बघून मुलं काढतात आणि पट आणखी घसरतो.

त्यात 2023 पासून 20 च्या आतल्या पटाच्या शाळा समूह शाळेत (आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून केलेल्या एका शाळेत) मिळवायची चर्चा सुरू झाली, तेव्हापासून धास्ती आहे. पुढच्या शाळेच्या वाटेवर व्हाळ (ओढा) लागतो, पावसाचा जोर वाढला की साकवावरून पाणी जातं. सहा वर्षांचं पोर तिथून कसं पाठवायचं? नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी.

शिक्षण हक्क कायद्यात (2009) पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. मग कामगिरीचा आदेश रद्द करून घ्यायला अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचा की थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे? समितीचा ठराव पुरतो, की ग्रामसभेचाही जोडावा? शिक्षकांची पदं ठरवायला 30 सप्टेंबरचा पट धरतात, त्याआधी हे मार्गी लागायला हवं. कुणी असा अर्ज केला असेल तर मजकूर कृपया इथे टाका.

वाबळेवाडी, जालिंदरनगर ही नावं ठाऊक आहेत, पण पुणे जिल्ह्यातल्या त्या नावाजलेल्या शाळांएवढं पाठबळ इथे उभं राहणं कठीण. कोकणातल्या किंवा घाटावरच्या छोट्या वाडीत व्हॅनची मुलं परत आणलेली कुणी असेल तर पालकांशी काय बोललात, आधी काय बदललंत, ते सविस्तर सांगा. गणितासाठी संध्याकाळी तासभर बसायला वाडीतली बारावी झालेली एक मुलगी तयार आहे. तिला कुठून सुरुवात करून देऊ?