बारीक पोलादी स्क्रूंना रंगाविना निळी झाक
इंजिनाच्या प्रतिकृतीतील बारीक पोलादी स्क्रूंना रंग दिला की त्यांच्या खाचा बुजतात, ही तक्रार रास्त आहे. त्यावर घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांची जुनी रीत उपयोगी पडते. स्क्रूचे डोके चकचकीत घासून तेलकटपणा स्पिरिटने पूर्ण काढावा आणि स्क्रू वाळू द्यावा, कारण बोटाचा ठसा राहिला तरी तेथे डाग उमटतो (नेमका हाच टप्पा लोक उरकून टाकतात). मग स्क्रू पितळेच्या किसात खोचून खालून मंद आच दिली असता सुमारे २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा रंग चढतो. निळा दिसताच स्क्रू उचलावा, अन्यथा तो फिकटत राखाडी होतो. पितळी भागांसाठी मात्र काळे करणारे रसायनच वापरावे, तेही हातमोजे घालून.