२^प − १ ला वर्गानं भाग जातो काय? तुमचं मत कोणत्या बाजूनं?

दर्यापूरकर:
प मूळ संख्या असताना २^प − १ ला एखाद्या मूळ संख्येच्या वर्गानं भाग गेल्याचं एकही उदाहरण नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९, दोन्ही एकेकदाच. घातांक मूळ नसला की बिघडते: २^६ − १ = ६३, त्यात ९ बसलाय. सिद्धता कोणाकडेच नाही, पण माझ्या मते असं उदाहरण नाहीच.

वणीवाला:
नाहीच कसं म्हणता बाप्पा? क ही मूळ संख्या धरा. २^प − १ ला क² नं भाग गेला तर प हा (क − १) चा विभाजक, म्हणून २^(क−१) ला क² नं भागूनही बाकी १. म्हणजे क वीफेरिष मूळ संख्या. सापडल्या दोनच: १०९३ (माइसनर, १९१३) अन् ३५११ (बेगर, १९२२). २^(क−१) − १ ला क नं एकदा भाग जातोच. दुसऱ्यांदा जायची शक्यता ढोबळ १/क. मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज अनंत, म्हणजे अशा संख्याही अनंत असाव्या. दोन वेचे रिकामे गेले म्हणून कोणी पऱ्हाटी उपटते काय?

चिमूर_गणित:
ज्यांना १०९३ स्वतः तपासायची आहे त्यांच्यासाठी: १०९२ = १०२४ + ६४ + ४. २ पासून १० वेळा वर्ग करा, दर वेळी ११९४६४९ (म्हणजे १०९३²) नं भागून बाकीच पुढं न्या. ४, ६४ अन् १०२४ घातांच्या बाक्या गुणा, पुन्हा बाकी काढा, १ येते. एक्सेल १५ अंकच धरते, म्हणून क साडेपाच हजारांवर गेला की बाकीचा वर्ग त्यात मावत नाही, उत्तर गुपचूप चुकते. पायथॉनात ही भानगड नाही. लांब फेरी लावायच्या आधी भारनियमनाची वेळ पाहा फक्त.

दर्यापूरकर:
वणीवाले भाऊ, वीफेरिष असणं पुरत नाही ना! बाकी १ देणारा २ चा सर्वात लहान घातांक स्वतः मूळ पाहिजे, तोच प. १०९३ साठी तो ३६४ = ४ × ७ × १३, ३५११ साठी १७५५ = २७ × ५ × १३. दोन्ही बाद. ही अट लावली की शक्यता १/(क × लॉग क) च्या मापाची होते, अन् तिची बेरीज सांत आहे. वीफेरिष संख्यांचा शोध २^६४ पर्यंत झालाय. त्याच्या पुढच्या शक्यतांची बेरीज, म्हणजे उरलेली शेपटी, १/४४ च्या आसपासची.

वणीवाला:
शेपटी लहान, हे कबूल. पण हा सगळा हिशोब बाक्या फाशासारख्या पडतात असं धरून. वीफेरिष नसलेल्या मूळ संख्या अनंत आहेत, एवढंसुद्धा बिनशर्त सिद्ध नाही. गणिती सिल्व्हरमननं १९८८ मध्ये केलं ते एबीसी अनुमान (बेरजेतल्या संख्यांच्या मूळ अवयवांबद्दलचा एक अंदाज) गृहीत धरून. अन् रिकाम्या शोधाचा दाखला तर देऊच नका. ३५११ ते २^६४ मध्ये माझ्या १/क च्या हिशोबानं १.७ च वीफेरिष अपेक्षित होत्या, एकही न मिळणं यात नवल काय? आणखी एकीची अपेक्षा धरायची तर शोध १०^५२ पर्यंत न्यावा लागते.