प्रोफेसर लेटनची कोडी : मुलीला मदत कुठपर्यंत करावी?

कोथरूडची मावशी

नमस्कार. निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा ‘प्रोफेसर लेटन अँड द क्युरियस व्हिलेज’ हा खेळ ज्यांनी शेवटपर्यंत खेळला आहे, त्यांच्याकडून थोडे मार्गदर्शन हवे आहे. माझ्या भावाने परदेशातून परतताना त्याचा वापरलेला डीएस लाइट आणि हे कार्ट्रिज आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलीसाठी आणले. ती सातवीत आहे, सेमी-इंग्रजी माध्यमात शिकते आणि शाळा सुटल्यावर आई-वडील कामावरून येईपर्यंत माझ्याकडे असते. गणितात तिला चांगली गती आहे आणि खेळात ती रमलीही आहे. सेंट मिस्टेअर गावातल्या प्रत्येक माणसाशी बोलल्याशिवाय ती पुढच्या गल्लीत जात नाही.

अडचण अशी, की प्रत्येक कोड्याला जे ‘पिकारॅट’ नावाचे गुण असतात, ते चुकीच्या उत्तराने कमी होतात हे कळल्यापासून ती उत्तर पाठवायलाच घाबरू लागली आहे. मनात उत्तर तयार असते, पण बोट पुढे जात नाही. हिंट कॉइनचे, म्हणजे सूचना मिळवण्यासाठी मोजायच्या नाण्यांचेही तसेच. पडद्यावरचे दिवे, खिडक्या, पिंपे टिचकावून तिने नाणी गोळा केली आहेत, पण एकही खर्च करायची तिची तयारी नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करताना जी सवय लागली, तीच इथे आली असावी असे मला वाटते. शिवाय काही कोड्यांचे इंग्रजी तिला जड जाते. तेव्हा प्रश्न मराठीत समजावून देताना उकल फुटू नये, यासाठी काय करावे? आणि एखाद्या कोड्यावर ती खूप वेळ अडली, तर मध्ये पडावे की पडू नये?

कोडेप्रेमी

ताई, गुणांची भीती सर्वांत आधी घालवा, कारण ती निराधार आहे. पिकारॅट कमी झाल्याने कथेचा एकही दरवाजा बंद होत नाही. गावात पुढे जायचे तर अधूनमधून ठरावीक संख्येने कोडी सुटलेली असावी लागतात. ती किती गुणांनी सुटली याची विचारणा कोणीही करत नाही. चुकलेल्या उत्तराने गुण घटतात, पण ते एका मर्यादेपर्यंतच. त्याखाली जात नाहीत, आणि कोडे कितीही वेळा पुन्हा सोडवता येते. जमलेले गुण उपयोगी पडतात ते खेळ संपल्यानंतर, जेव्हा चित्रे वगैरे जादा गोष्टी उघडायच्या असतात. हे तिला एकदा नीट समजावून सांगा, आणि शक्य असल्यास एखाद्या कोड्याचे चुकीचे उत्तर तिच्यासमोर मुद्दाम पाठवून दाखवा, म्हणजे पुढे काय होते ते तिला स्वतःच दिसेल.

शिष्यवृत्तीबद्दलचा तुमचा तर्क मला पटतो. तिथे एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न सोडवायचे असतात; म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट. अशा सरावात मूल प्रश्नाचा प्रकार ओळखायला शिकते आणि प्रकार ओळखला की ठरलेल्या रीतीने उत्तराकडे धावते. लेटनच्या कोड्यांची रचना नेमकी या धावण्याविरुद्ध आहे. तिथे घड्याळ नाही, आणि पुष्कळ कोडी अशी आहेत की ओळखीच्या प्रकाराची वाटतात, आकडेमोड करायला लावतात, आणि उत्तर मात्र प्रश्नातल्या एका साध्या शब्दात दडलेले असते. ज्याने प्रश्न दोनदा सावकाश वाचला त्याला आकडेमोडीची गरजच पडत नाही. म्हणून माझ्या मते या खेळाचा खरा लाभ गणितापेक्षा वाचनात आहे, आणि सातवीतल्या मुलीला तो आत्ता मिळणे फार मोलाचे आहे.

हीच गोष्ट तुमच्या भाषेच्या प्रश्नालाही लागू होते. कोडे मराठीत सांगताना त्याचा सारांश सांगू नका. सारांशात आपण आपल्याला महत्त्वाचे वाटलेले तेवढेच ठेवतो, आणि तिथेच उकल फुटते. वाक्यामागून वाक्य, मूळ क्रमाने, कोणत्याही शब्दावर जोर न देता सांगा आणि तिला ते वहीत लिहून घेऊ द्या. एखादा तपशील निरुपयोगी आहे हे तुम्हाला कळले असले तरी तोही सांगा. तो निरुपयोगी आहे हे शोधणे हा कोड्याचाच भाग असतो.

गणितवेडा

वरच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु हिंटबद्दल स्वतंत्र मत मांडतो. या खेळात प्रत्येक कोड्याला तीन हिंट असतात आणि प्रत्येकीला एक नाणे पडते. पहिली हिंट बहुधा दिशा दाखवते, तिसरी जवळजवळ हात धरून उत्तरापाशी नेते. नाणी मर्यादित आहेत हे खरे, पण ती साठवून ठेवण्यासाठी नाहीत, आणि मुलीने पहिल्या हिंटला मदत न मानता प्रश्नाचाच पुढचा परिच्छेद मानावे असे मला वाटते. तिसरी हिंट मात्र त्या दिवशी उघडू नये. कोडे अर्धवट सोडून बाहेर पडता येते आणि नंतर परत येता येते. मागे राहून गेलेली कोडी एका आजीबाईंच्या झोपडीत जमा होतात, त्यामुळे काहीही कायमचे हातचे जात नाही.

तुम्ही मध्ये पडावे की नाही, याचे माझे उत्तर ‘पडावे, पण कोड्याच्या बाहेरून’ असे आहे. एक उदाहरण सविस्तर देतो. या खेळात रसाच्या भांड्यांचे कोडे आहे : ८, ५ आणि ३ मापांची तीन भांडी, मोठे भरलेले, बाकीची दोन रिकामी, आणि रसाचे ४-४ असे समान भाग करायचे. भांड्यांवर खुणा नाहीत, त्यामुळे ओतायचे ते एकतर घेणारे भांडे भरेपर्यंत किंवा ओतणारे रिकामे होईपर्यंत. मुले इथे बहुतेक वेळा पडद्यावर नुसती इकडून तिकडे ओतत राहतात आणि थोड्याच वेळात पूर्वीच्याच स्थितीला येऊन पोहोचतात. अशा वेळी स्टायलस (पडद्यावर लिहायची काडी) बाजूला ठेवायला सांगा आणि वहीत तीन रकाने आखून द्या. प्रत्येक ओतण्यानंतर तिन्ही भांड्यांतले माप लिहायचे : ८-०-०, मग ३-५-०, मग ३-२-३, मग ६-२-०, मग ६-०-२, मग १-५-२, मग १-४-३ आणि शेवटी ४-४-०. सात ओतणी. उत्तर तुम्ही सांगायचे नाही. फक्त रकाने आखायचे आणि ‘ही ओळ आधी आली आहे का?’ एवढे विचारायचे. एकदा लिहिलेली ओळ पुन्हा आली की आपण गोल फिरत आहोत हे तिचे तिलाच कळते. गणिताच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, कारण स्थिती लिहून ठेवणे आणि पुनरावृत्ती टाळणे ही अशा सगळ्या कोड्यांची किल्ली आहे.

वही लागतेच, असे मी ठामपणे म्हणेन. मालिकेच्या दुसऱ्या खेळापासून पडद्यावरच कच्चे लिहिण्याची सोय आली, पण डीएसच्या या पहिल्या खेळात ती नाही.

बुधवारपेठकर

यंत्राबद्दल थोडे. डीएस लाइटला कार्ट्रिजच्या देशाचे बंधन नाही, त्यामुळे मालिकेतले डीएसवरचे पुढचे भाग अमेरिकेतून आणले काय किंवा युरोपातून आणले काय, चालतात. थ्रीडीएस या नंतरच्या यंत्रावरील भागांना मात्र देशाचे बंधन आहे. ते घेण्यापूर्वी यंत्र कोणत्या प्रदेशाचे आहे ते पाहावे लागते. थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाले, म्हणून आता कार्ट्रिजच शोधावे लागेल. पुण्यात पासोड्या विठोबाच्या मंदिराच्या आसपास किंवा जुन्या बाजारात एखादे कार्ट्रिज हाती लागलेच, तर नकली नाही ना याची खात्री करून घ्या; नकली कार्ट्रिजवर पुष्कळदा खेळ सेव्ह होत नाही आणि मुलांची सगळी मेहनत वाया जाते. कार्ट्रिज जमत नसेल, तर पहिले तीन भाग मोबाइलवर सुधारित चित्रांसह उपलब्ध झाले आहेत. माझी पसंती तरीही डीएसलाच आहे. कोडे वरच्या पडद्यावर आणि उत्तर लिहायचे ते खालच्या, ही मांडणी या खेळासाठी अतिशय सोयीची आहे. फक्त स्टायलसने आकडे सुटे आणि ठळक लिहायला सांगा. १ आणि ७ मध्ये यंत्राची गफलत होऊ शकते. उत्तर पाठवण्यापूर्वी यंत्राने कोणता आकडा वाचला ते पाहण्याची सवय तिला लावा.

कोथरूडची मावशी

सर्वांचे मनापासून आभार. रकाने आखून दिल्यावर तिने रसाचे कोडे स्वतः सोडवले आणि पहिल्यांदाच न घाबरता उत्तर पाठवले. आता ती लांडगे आणि पिल्लांच्या कोड्याकडे पुन्हा वळली आहे, जे तिने आधी अर्धवट सोडले होते. तीन लांडगे, तीन कोंबडीची पिल्ले, आणि एका वेळी दोघांनाच नेणारा तराफा. कोणत्याही काठावर लांडगे पिल्लांपेक्षा जास्त झाले की पिल्ले गेली. रकाने आखले आहेत, पण निम्मी वाट चालून झाल्यावर ती दर वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबते. इथे बाहेरून मदत कशी करावी? आणखी एक शंका तिचीच आहे : गावातला प्रत्येक माणूस कोडीच का घालतो? हे नुसते खेळ लांबवण्यासाठी आहे का?

कोडेप्रेमी

तिची शंका अगदी योग्य आहे, आणि तिचे उत्तर खेळाच्या शेवटी कथेतूनच मिळते. ते मी इथे लिहिणार नाही, आणि तुम्हीही कुठे वाचून तिला सांगू नका. इतकेच सांगतो, की कोडी आणि कथा यांचा सांधा या पहिल्या भागात फार विचारपूर्वक जुळवलेला आहे. मालिकेच्या पुढच्या काही भागांत माणसे कोडी का घालतात याला एवढे भक्कम कारण राहिलेले नाही, हे मान्य करावे लागते.

कोड्यांचा दर्जा टिकून आहे त्याचे श्रेय अकिरा तागो यांना जाते. ते जपानमधील चिबा विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९६६ पासून निघालेल्या त्यांच्या कोड्यांच्या पुस्तकमालिकेवर तिथल्या कित्येक पिढ्या वाढल्या. लेव्हल-५ या कंपनीचे प्रमुख अकिहिरो हिनो हे स्वतः त्या पुस्तकांचे बालवाचक. त्यांनी तागो यांनाच बरोबर घेऊन हा खेळ घडवला आणि तो २००७ मध्ये जपानमध्ये आला. तागो २०१६ मध्ये वारले. मानसशास्त्रज्ञाने निवडलेली कोडी असल्यामुळेच, माणूस कुठे गृहीत धरून चालतो याची नेमकी जाण त्यांत दिसते. मुलीला हे जरूर सांगा. कोड्यामागे कोणी तरी बसून आपल्या विचाराचा अंदाज बांधला होता, हे कळल्यावर वाचण्याची रीतच बदलते.

गणितवेडा

लांडग्यांचे कोडे किमान ११ फेऱ्यांत सुटते, आणि ती अडते आहे ती जागा बहुधा सहाव्या फेरीची असावी. तिला काहीही न सांगता आपले जुने वाघ, शेळी आणि गवताचे कोडे घाला. ते तिने ऐकलेले असेल, तरी वहीत रकाने आखून पुन्हा सोडवायला लावा आणि शेळीच्या रकान्याकडे नीट बघायला सांगा. शेळी पलीकडे पोहोचलेली असताना तिला परत अलीकडे आणावे लागते. त्याशिवाय ते कोडे सुटूच शकत नाही. जिंकलेली जागा सोडायला मन तयार होत नाही, म्हणून माणूस तिथे अडतो.

लांडग्यांच्या कोड्यातही परतीच्या प्रत्येक फेरीत एकानेच यावे असे तिने मनाशी धरलेले असणार. कोड्यात तशी अट कुठेही नाही. सहाव्या फेरीला एक लांडगा आणि एक पिल्लू असे दोघे परत येतात, आणि तिथून पुढची वाट मोकळी होते. हे मी तुमच्यासाठी लिहिले आहे. तिला फक्त कोड्याच्या अटी एकेक करून मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक अटीनंतर ‘याशिवाय आपण स्वतःहून काही अट घातली आहे का?’ असे विचारा.

ते सुटले की रसाच्या कोड्यानंतरच येणारे दुधाचे कोडे तिला तुमच्याकडून काहीही न घेता सोडवू द्या. तिथे भांडी १०, ७ आणि ३ मापांची आहेत, समान भाग ५-५ चे करायचे आहेत, आणि कमीत कमी नऊ ओतणी लागतात. रकाने तिचे तिनेच आखावेत.