डोळे मिटण्याआधी नकाशा बघा
बंद जागेची भीती वाटणाऱ्यांसाठीच्या या चर्चेत वर कुणीतरी लंडन ट्यूबसाठी, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेसाठी, ‘डोळे घट्ट मिटा आणि गाणी ऐका’ असा उपाय सुचवलाय. माझ्या बाबतीत तो उलटा पडला. गाडी दोन स्टेशनांच्या मधे थांबली की मिटल्या डोळ्यांना बोगदा आणखीच अरुंद वाटतो. एकदा तशी थांबली तेव्हा मी समोरच्या बाईच्या पिशवीवरची फुलं मोजत बसले होते. चौदा. घाम मानेवरून पाठीत उतरला, पण फुलं मोजून संपायच्या आत गाडी हलली.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. ट्यूबला ‘अंडरग्राउंड’ म्हणत असले तरी त्यातला निम्म्याहून जास्त मार्ग जमिनीवरून जातो, आणि कुठला भाग बोगद्यात आहे हे दाखवणारा वेगळा ट्यूब नकाशाच मिळतो. तो २०१७ साली आपल्यासारख्यांसाठीच काढलाय. त्यात बघून मी हीथ्रो विमानतळाहून येताना पिकॅडिली लाइन बॅरन्स कोर्ट स्टेशनला सोडते, कारण त्याच्यापुढे ती खोल बोगद्यात शिरते. त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला डिस्ट्रिक्ट लाइन मिळते. तीही पुढे जमिनीखालीच जाते म्हणा, पण जेमतेम खाली. मधेमधे आभाळ दिसतं, डब्यात एसी असतो आणि सगळे डबे आतून जोडलेले, त्यामुळे या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर जाते. वेळ थोडा जास्त लागतो. लागू दे.