‘नऊ चॅनेलच्या खाली बघूच नका’ म्हणे!

दहा_बाय_चौदा
परवा एका नवख्याने होम थिएटरबद्दल साधा प्रश्न टाकला होता: टू बीएचके, हॉल १० बाय १४ फूट, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, सगळं मिळून बजेट सव्वा लाख, रिसीव्हर (स्पीकरांना ताकद आणि टीव्हीला चित्र देणारा डबा) कोणता घेऊ? त्यावर नऊचॅनेल साहेबांचा आदेश निघाला: ‘आजच्या काळात नऊ चॅनेलच्या खाली घेणं म्हणजे पैसे पाण्यात. किमान १५० वॅट, आठ-के, ५.१.४ ॲटमॉस (भोवती पाच स्पीकर, बासचा एक सबवूफर, छताला चार; सब सोडून दर स्पीकरला एक चॅनेल). स्पीकर काय, नंतर बदलता येतात.’ वर अंगठ्यांचा पाऊस. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

स्पीकर नंतर बदलता येतात हे वाक्यच उलटं आहे. बदलावा लागतो तो रिसीव्हर. एचडीएमआय (चित्र-आवाज नेणारी जोडणी) १.४ आलं २००९ साली, २.० आलं २०१३ मध्ये, २.१ आलं २०१७ मध्ये, आणि दर वेळी जुना रिसीव्हर चित्राच्या बाबतीत म्हातारा झाला. चांगला बुकशेल्फ स्पीकर मात्र वीस वर्षं वाजतो, त्याला आवृत्ती नसते. सव्वा लाखातले पाऊण लाख डब्यात घातले तर स्पीकर आणि सबवूफरला उरतं काय? आधी कळस मग पाया.

आता वॅट. खोक्यावर ‘१५०’ छापलेलं असतं, पण त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एकच चॅनेल चालू’ असंही असतं. खरा आकडा मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत सापडतो: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू. तिथे तोच डबा ८० वॅटचा निघतो. आणि तो ८० पुरतो. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज, ८७ डेसिबल धरा. तीन मीटरवर, बंद खोलीत, एका वॅटला साधारण ८० डेसिबल मिळतात. आवाज रेफरन्सच्या, म्हणजे थिएटरातल्या पातळीच्या, १० डेसिबल खाली ठेवला, आणि फ्लॅटमध्ये त्याच्या वर कोण लावतं, तर शिखरं ९५ डेसिबलची. म्हणजे १५ डेसिबल जास्त हवे, म्हणजे ३२ वॅट. शंभरचे दीडशे केल्याने पावणेदोन डेसिबल वाढतात. रिमोटची दोन-तीन बटणं.

चॅनेलचं म्हणाल तर सोफा भिंतीला टेकला की मागचे दोन छताचे स्पीकर ठेवायला मागे जागाच नाही. ते डोक्यावर येतात आणि पुढच्या जोडीत मिसळून जातात. ५.१.२ करा, छताची एकच जोडी सोफ्याच्या किंचित पुढे घ्या. त्याला सात चॅनेलचा रिसीव्हर पुरतो. मॅन्युअलमध्ये सबवूफरचे प्री-आउट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारी जोडणी) दोन आहेत का आणि ईआर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून परत आणणारी सोय) आहे का एवढं बघा.

नऊचॅनेल
माझं अर्धं वाक्य उचललंत. मी म्हटलं होतं, ‘पुढे वाढवायचं असेल तर’. आज सात घेतले आणि उद्या मोठा फ्लॅट घेतला तर? आणि वॅटचा हिशोब स्टिरिओचा आहे. सिनेमात पाच-सात चॅनेल एकदम ओढतात तेव्हा तुमच्या ८० चे ४० होतात. मागच्या लेबलवर वीजवापर बघा, ४५० वॅट. त्यातून सात गुणिले ८० कुठून निघणार? म्हणून मोठा घ्यायचा.

दहा_बाय_चौदा
मागच्या लेबलवरचा आकडा कमाल नसतो. सुरक्षा-चाचणीत पूर्ण ताकदीच्या एक-अष्टमांशावर जे खेचलं जातं तो असतो. सिनेमातल्या स्फोटाच्या क्षणी डबा त्याच्या वर जातो, तेवढ्यापुरतं कपॅसिटर पुरवतात. शिवाय सगळे स्पीकर ८० हर्ट्झच्या खाली कापले की बासचं ओझं सबवूफरच्या स्वतःच्या ॲम्पवर जातं.

नऊचॅनेल
लेबलचं मान्य. बाकी नाही.

साउंडबारवाला
१० बाय १४ मध्ये रिसीव्हर हवाच कशाला? नाकापेक्षा मोती जड. एक साउंडबार, एक सब, एक ईआर्क केबल, विषय संपला. तुम्ही लोक सहा महिने मायक्रोफोन घेऊन फिरता, सिनेमा कधी बघता?

बारा_इंची
बारचा एक भाग गेला की अख्खा बार भंगारात. इथे डबा गेला तरी स्पीकर राहतात. आणि बार छताला आवाज आपटून ॲटमॉस दाखवतो. पीओपीत खाचा, कोव्ह लाइट, मधोमध पंखा असलेल्या आपल्या छताला आपटून तो कुठे जाईल ते त्यालाही माहीत नसतं. त्या तंत्राला सपाट, कडक छत लागतं.

मूळ प्रश्नात सबवूफरबद्दल अवाक्षर नाही हे कुणी बघितलं का? दोन सब घ्या, छोटे असले तरी चालतील. एका सबला खोलीत एका जागी धडधड आणि दोन फुटांवर शून्य असं होतं. दोन सब समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले की ते बरंच सपाट होतं.

कोकण_कॅसेट
आणि खालच्या मजल्यावरच्यांनी काय करायचं? सोसायटीच्या ग्रुपवर रात्री अकराला येणारे मेसेज कोण वाचणार? दुसरं, मराठी सिनेमा ओटीटीवर बऱ्याचदा स्टिरिओतच येतो. तुमचे ५.१.४ तिथे मुके. आणि जे ५.१ येतं त्यात संवाद पुटपुटल्यासारखे. आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीत अंगावर येतं. यावर कुणी बोलत नाही.

दहा_बाय_चौदा
बोलतो. सेंटर स्पीकर कपाटाच्या कडेपर्यंत पुढे ओढा. आत ढकलला की फळीवरून आवाज परतून बोलणं घुमतं. खाली ठेवला असेल तर पुढच्या बाजूखाली रबराची पाचर सरकवून तोंड कानाकडे करा. मग लेव्हलमध्ये फक्त सेंटर २ ते ३ डेसिबल वाढवा. रात्री डायनॅमिक रेंज कम्प्रेशन (मोठ्या आणि हळू आवाजातलं अंतर कमी करणारी सोय) चालू करा, त्याने खालच्यांचाही प्रश्न थोडा सुटतो. स्टिरिओला डॉल्बी सराउंडचा अपमिक्सर (दोन चॅनेल सगळ्या स्पीकरांत वाटणारी सोय) लावा, संवाद मध्यावर येतात.

ऑटो सेटअपचा (रिसीव्हर स्वतःच स्पीकर मोजतो त्याचा) माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, उशीवर तर नकोच. कॅमेऱ्याच्या स्टँडवर, कानाच्या उंचीला, पंखा आणि एसी बंद. पहिली जागा मधली, बाकीच्या तिच्याभोवती दोन फुटांच्या आत. झाल्यावर तीन गोष्टी तपासा. स्पीकर ‘लार्ज’ (बासही स्वतःच वाजवणारे) दाखवले असतील तर ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झला आणा. सबची लेव्हल उणे १२ ला चिकटली असेल तर सबचाच नॉब मोठा आहे, तो कमी करून पुन्हा मोजा. आणि सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दिसलं तर हात लावू नका, त्यात सबच्या ॲम्पचा विलंब धरलेला असतो.

न्यूजर्सीकर
इथल्या सेलमध्ये रिसीव्हर भारतातल्या किमतीच्या दोन-तृतीयांशात मिळतोय. डिसेंबरमध्ये येतोय, घेऊन येऊ का?

तारतंत्री
मागच्या बाजूला १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर आणू नका. २३० मध्ये थेट लावलात तर पहिल्या क्षणी फ्यूज, नशीब वाईट असेल तर आतला ट्रान्सफॉर्मर. वेगळा स्टेपडाउन (२३० चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर) घ्यायचा तर किमान १००० व्हीए, आणि तो स्वतःच घूं करतो. वॉरंटी इथे चालत नाही. वाचवलेले पैसे तिथेच जातात.

आणि घूंचा विषय निघालाच आहे तर सांगतो. इथे कुणीही, अगदी दहा_बाय_चौदांनीही, अर्थिंगबद्दल लिहिलं नाही. आपल्याकडे रिसीव्हरच्या एचडीएमआय बोर्डाची जी मरामर होते तिच्यात वॅट आणि चॅनेलचा संबंध नसतो.

नऊचॅनेल
अर्थिंग? सब घूं करत असेल तर थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाका, घूं बंद. दुकानदारसुद्धा हेच करतात.

तारतंत्री
हे वाक्य आधी पुसा. मग बोलू.

सबच्या मागच्या बाजूला धातूचा पत्रा असतो, त्यातच ॲम्प. आतलं इन्सुलेशन गेलं तर फेज त्या पत्र्यावर येते. अर्थ असेल तर एमसीबी किंवा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारं स्विच) पडतो. पिन काढली की पडत नाही. पत्रा जिवंत, सबच्या आरसीए (सिग्नलच्या) केबलच्या जाळीतून रिसीव्हर जिवंत, एचडीएमआयच्या कवचातून टीव्हीही जिवंत. लहान मूल गेम खेळायला पेनड्राइव्ह लावायला जातं.

नऊचॅनेल
घाबरवू नका. घरात ३० मिलीअँपचा आरसीसीबी आहे. तो कशाला असतो?

तारतंत्री
अर्थची वाट असेल तर माणसाने हात लावण्याआधी पडतो. वाट कापलीत तर माणसातून ३० मिलीअँप गेल्यावर पडतो. तुमच्या घरची चाचणी कोण होणार ते ठरवा.

बारा_इंची
अरे रिसीव्हरचा धागा आहे ना हा? वायरमन परीक्षेचा पेपर कधी झाला?

तारतंत्री
तुमच्याच दोन सबांसाठी लिहितोय, मालक.

घूं का येते ते सांगतो. सबला अर्थ थ्री-पिनमधून मिळतो. केबल टीव्हीच्या किंवा डिशच्या कोॲक्सची (गोल अँटेना केबलची) जाळी गच्चीवर किंवा दुसऱ्याच कुठल्या तरी ठिकाणी अर्थ झालेली असते. दोन अर्थ, दोन वेगळी पोटेन्शियल, मधून रिसीव्हरचा पत्रा, आणि ५० हर्ट्झचं वेटोळं तयार. शोधायची पद्धत: आधी सबची आरसीए केबल काढा. तरीही घूं असेल तर सबचाच ॲम्प. थांबली तर ती परत लावा आणि सेट-टॉप बॉक्सचा कोॲक्स काढा. आता थांबली तर दोषी कोॲक्स. त्याच्यावर ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थचं वेटोळं तोडणारा जोड) बसवा. डिश असेल तर तिच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला वीज जाऊ देणारा मागून घ्या, नाहीतर सिग्नलच जाईल. आणि टीव्ही, रिसीव्हर, सब एकाच बोर्डवर घ्या. तिघांचा भार हजार वॅटच्या आत असतो, ६ अँपचं सॉकेट झेपवतं.

आता एचडीएमआय बोर्ड. सेट-टॉप बॉक्स, मीडिया प्लेअर हे दोन पिनांचे. आत वीजपुरवठ्याच्या कपॅसिटरमधून थोडी गळती होते. मल्टिमीटरने पत्रा ते अर्थ मोजा, शंभर व्होल्टच्या आसपास दाखवेल. करंट नगण्य, हाताच्या मागच्या बाजूने फिरवलं तर झिणझिण्या येतात तेवढाच. माणसाला काही होत नाही. पण चालू अवस्थेत एचडीएमआय खुपसली की तेच व्होल्ट कवच आणि पिनांच्या वाटेने उतरतात आणि ३.३ व्होल्टवर चालणारी चिप बसते. म्हणून भिंतीवरचे सगळे बटण बंद, मग केबल, मग बटण. स्टँडबाय म्हणजे बंद नव्हे.

कोकण_कॅसेट
आमच्याकडे तर वळवाच्या पावसात गडगडलं की शेजारच्या इमारतीतले तीन-तीन टीव्ही एका दमात जातात. स्टॅबिलायझर लावू का?

तारतंत्री
विजेसाठी स्टॅबिलायझर नाही. गडगडू लागलं की प्लग आणि कोॲक्स दोन्ही काढा, नुसता प्लग काढून अर्धंच काम होतं. इन्व्हर्टर असेल तर शुद्ध साइन वेव्हचाच. चौकोनी लाटेवर रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो. आणि कोकणात असाल तर डब्याच्या जाळीवर लक्ष ठेवा, उबेला पाल आत शिरते, पॉवर सप्लायवर चिकटते आणि दोघंही जातात.

साउंडबारवाला
बारमध्ये पाल शिरत नाही, एवढंच नोंदवतो.

दहा_बाय_चौदा
कबूल, बारचा पहिला खरा फायदा सापडला. जाळी आणि हवेवरून: सुताराने केलेल्या टीव्ही युनिटमध्ये काचेच्या दाराआड रिसीव्हर ठेवू नका. वर किमान आठ इंच मोकळे, मागची प्लाय कापलेली. अर्थिंग माझ्याकडून राहिलं, ते तारतंत्रींचं बरोबर. पण त्यांनी अजून सांगितलं नाही की अर्थ खरा आहे हे ओळखायचं कसं. टेस्टर अर्थमध्ये पेटत नाही म्हणजे चांगला, असं लोक समजतात.

तारतंत्री
टेस्टरला काही कळत नाही. मल्टिमीटर एसीवर ठेवा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ साधारण तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आता त्याच बोर्डच्या जवळच्या सॉकेटला हजार वॅटची इस्त्री लावा आणि न्यूट्रल ते अर्थ परत मोजा. थोडं वाढायला हवं, अर्धा-एक व्होल्ट. इस्त्री तापतेय आणि मीटर ०.० दाखवतोय तर कुणीतरी सॉकेटच्या मागे अर्थ आणि न्यूट्रल वायरीच्या तुकड्याने जोडून ठेवलेत. आरसीसीबी नसलेल्या जुन्या इमारतींत हे सर्रास सापडतं. न्यूट्रल तुटला की सगळे पत्रे जिवंत. मोजताना प्रोबच्या टोकाला बोट लावू नका, आणि मोजायची सवय नसेल तर वायरमन बोलवा.

नऊचॅनेल
पिनवालं वाक्य पुसलं. चॅनेलवालं पुसणार नाही.

दहा_बाय_चौदा
त्या नवख्याला तिकडे काय सांगू मग?

नऊचॅनेल
सात चॅनेल सांगा, पण चार प्री-आउटवाला सापडला तर तो घे म्हणावं. वरची जोडी वेगळ्या ॲम्पवर काढता येते. आणि तारतंत्री, इस्त्री लावून मोजलं. ०.० आलं. सॉकेट उघडायच्या आधी मेन बंद करायचा ना?

तारतंत्री
मेन बंद, मग परत मोजून खात्री, मग स्क्रू. सबची पिन आधी परत बसवा, मग फोटो टाका.