मदत हवी आहे: सी मध्ये गावांची नावं रकान्यात बसेनात

नमस्कार मंडळी. आबांची कोल्हापुरात गुळाची अडत आहे. त्यांच्यासाठी सी या प्रोग्रॅमिंग भाषेत पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद) छापायचा छोटा प्रोग्रॅम लिहितोय. तयार सॉफ्टवेअर घे असं सांगू नका, मला शिकायचंच आहे.

आधी गावाच्या नावाला २० बाइटचा कॅर अ‍ॅरे (मजकूर साठवायची जागा) ठेवला होता. कागल टाकलं, झकास चाललं. कोल्हापूर टाकलं आणि प्रोग्रॅम आडवा! स्ट्रलेन या लांबी मोजणाऱ्या फंक्शननं बघितलं तर लांबी २७ बाइट. मग कळलं की यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना, मात्रा, हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. ९ चिन्हं, म्हणून २७, वर मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटचा शून्य. अ‍ॅरे आता १०० चा केलाय.

ओळ वाचणारं एफगेट्स ओळीच्या शेवटाची खूणही सोबत घेतं, म्हणून स्ट्रकंपनं नावांची तुलना केली तर जुळत नव्हतं. ती खूण स्ट्रसीस्पॅननं शोधून कापली. त्यात मात्र अख्खी संध्याकाळ गेली.

आता खरी अडचण. छापणाऱ्या प्रिंटएफमध्ये रुंदी २० दिली तर ती बाइटमध्येच मोजली जाते. कागलपुढं ८ मोकळ्या जागा येतात, कोल्हापूरपुढं एकही नाही, आणि वजनाचा रकाना नागमोडी. सेटलोकेलनं भाषा ठरवून, बाइटऐवजी चिन्हं मोजायला एमबीएसटूडब्ल्यूसीएस वापरलं तर कोल्हापूरचे ९ येतात. मला को, ल्हा, पू, र अशी ४ अक्षरं मोजायची आहेत.

मात्रा आणि जोडाक्षरं ओळखणारं फंक्शन स्वतः लिहावं, की आयसीयू ही युनिकोड मजकूर हाताळणारी तयार लायब्ररी जोडावी? लिनक्सवर जीसीसी हा सी चा कंपायलर आहे. आबा रोज विचारतात, "झालं का रं?"