पारो आणि चंद्रमुखीची भेट घडवायला हवी होती का?

शब्दवेडी:
भन्साळींचा २००२चा ‘देवदास’ पुन्हा पाहिला आणि लगेच शरच्चंद्रांची १९१७ची कादंबरी काढून बसले. पुस्तकात देवदासची बालमैत्रीण पारो आणि त्याच्यावर जीव लावणारी तवायफ चंद्रमुखी एकदाही भेटत नाहीत. दोघींचा जीव एकाच माणसापायी तुटतो, पण ते दुःख वाटून घ्यायला दुसरी कुणी नाही. सिनेमाने दोघींना दुर्गापूजेत एकत्र नाचवलं, तिथेच कादंबरी हातची गेली असं मला वाटतं. बिमल रॉय यांनीही १९५५ सालच्या आपल्या ‘देवदास’मध्ये दोघींना समोरासमोर आणलं होतं, पण वाटेत, नुसत्या नजरेपुरतं. शब्द एकही नाही. एकटेपण शाबूत राहिलं.

रंगपट:
ताई, अजिबात पटलं नाही. नाच बाजूला ठेवा, त्याआधीचा प्रसंग आठवा. पारो चंद्रमुखीच्या कोठीवर येते ती दुर्गेच्या मूर्तीसाठी तिथली माती मागायला. ही बंगालची खरी प्रथा आहे. जिच्या अंगणातली माती देवीला चालते तिला मात्र पूजेला मज्जाव, हे त्या भेटीमुळेच पडद्यावर येतं. पुस्तकात या दोन बायका देवदासपुरत्याच उरतात. इथे त्या एकमेकींचा मान राखतात.

शब्दवेडी:
मातीचा प्रसंग सुंदर आहे, मान्य. पण शेवटाचं काय? कादंबरीत देवदास पांडुआ स्टेशनवर आगगाडीतून उतरतो, बैलगाडीने पारोच्या सासरी, हातीपोत्याला पोचतो आणि पारोच्या दारापुढे पिंपळाखाली बेवारशासारखा मरतो. तो कोण होता हे तिला कळतं तोवर सगळं उरकलेलं असतं. सिनेमात ती त्याचे प्राण जाण्याआधीच धावत सुटते, दरवाजा मिटत जातो, आणि त्याला ती पुसटशी दिसते. मरताना मायेचा एक हात कपाळावर असावा, एवढंच शरच्चंद्र शेवटी मागतात. देवदासला तोही मिळाला नाही, म्हणून पुस्तक मिटवत नाही. त्याला ती दिसली की ती धार बोथट होते.

जुना प्रेक्षक:
दिग्दर्शक प्रमथेश बरुआंच्या १९३५च्या ‘देवदास’च्या हिंदी आवृत्तीचे छायालेखक बिमल रॉयच होते. वीस वर्षं तो विषय मनात घोळवलेल्या माणसाने दोघींना बोलू दिलं नाही, याला माझ्या लेखी वजन आहे.

रंगपट:
वजन आहेच. पण शेवटाबद्दल मी हटणार नाही. वाचताना उशिरा कळण्याचा चटका बसतो. पडद्यावर तो आणि ती एकाच वेळी दिसतात आणि मधलं दार मिटत जातं. थिएटरात माझी आई तेव्हा पुटपुटत होती, “अगं, पळ, पळ.”